घोडेस्वाराचे अंगत्राण : प्रतापगड ते होदिगेरे



शिवकालात सव्वाचार वर्षांच्या अंतराने दोन घटना घडल्या. पहिली आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराज अफजलखानाच्या भेटीस गेले. अंगरख्याखाली चिलखत आणि मंदिलाखाली लोखंडी टोप घालून ते गेले, असे परंपरा सांगते. खानाने वार केला, तो चिलखताने झेलला आणि महाराज वाचले. दुसरी घटना पाठ्यपुस्तकात एका ओळीत येते आणि जाते. २३ जानेवारी १६६४ रोजी कर्नाटकात बसवापट्टणजवळच्या होदिगेरे येथे शहाजीराजे शिकारीस गेले असता भरधाव घोड्याचा पाय अडकला, घोडा कोसळला आणि राजांचा अंत झाला. भातवडीसारखी रणे गाजवलेला, निजामशाही, आदिलशाही आणि मोगल या तिन्ही सत्तांच्या सैन्यांत वावरलेला हा वीर कोणाच्या तलवारीने पडला नाही; तो जमिनीवर आपटून गेला.

पुत्राला चिलखताने तारले आणि पित्याला घोड्यावरून पडणे भोवले, या दोन घटना शेजारी ठेवून आपण सहसा पाहत नाही. आज मी त्या तशा ठेवणार आहे. घोडेस्वाराने स्वतःच्या देहाच्या रक्षणासाठी काय परिधान केले, कशापासून रक्षण केले आणि कशापासून केले नाही, हा आजच्या व्याख्यानाचा विषय. भाषेच्या प्राध्यापकाने शस्त्रास्त्रांच्या प्रांतात का शिरावे, असे कोणी विचारील. त्याचे कारण भाषेतच आहे. काही महिन्यांपूर्वी माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली होती. तिची मुलगी घोडेस्वारी शिकते. मुलीला तिथे छाती-पाठीवर घालायचे जाड जाकीट दिले जाते, त्याला मराठीत काय म्हणावे, असे तिने विचारले. मी शब्द सांगण्याआधीच ती म्हणाली, "सर, शब्द मिळाला तरी ती ते घालायला तयार नाही. बरोबरीची मुले तिला भित्री म्हणतात." तिने विचारलेला प्रश्न शब्दकोशाचा होता; तिच्या मनातला प्रश्न मात्र आपल्या संस्कृतीचा होता. दोन्हींची उत्तरे इतिहासात शोधावी, असे मला वाटले.

१

प्रथम शब्द पाहू. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलात एक सूक्त युद्धसामग्रीवर आहे. त्यात धनुष्य, बाण, भाता, घोडे, चाबूक यांची स्तुती आहे आणि तिचा आरंभच चिलखत घातलेल्या योद्ध्याने होतो. तेथे चिलखताला 'वर्मन्' हा शब्द आहे. अमरकोशात याच अर्थाचे शब्द ओळीने दिले आहेत : तनुत्र, वर्म, दंशन, उरश्छद, कंकटक, कवच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आयुधागाराच्या अध्यक्षाची कर्तव्ये सांगताना लोखंडी कड्यांच्या जाळीची 'लोहजालिका', तसेच शिरस्त्राण, कंठत्राण, कूर्पास, कंचुक असे प्रकार वेगवेगळे नोंदले आहेत. डोके, मान, छाती आणि हात यांना लागणारे संरक्षण एकसारखे नसते, ही जाण त्या यादीत स्पष्ट दिसते.

आता मराठीकडे या. संस्कृतातील 'वर्म' म्हणजे कवच. मराठीत 'वर्म' म्हणजे जिथे लागले असता माणूस विव्हळतो ते नाजूक ठिकाण. आपण 'वर्मी घाव बसला' म्हणतो, 'वर्मावर बोट ठेवले' म्हणतो. संस्कृतात ज्याला 'मर्म' म्हणतात त्याचा अर्थ मराठीत 'वर्म' या रूपाला येऊन चिकटला. झाकणाऱ्या वस्तूचे नाव झाकायच्या जागेला मिळाले. शब्दांच्या प्रवासात असे घडते. पण या प्रवासात कवचाचा अर्थ हरवला आणि जखमेचा अर्थ टिकला, हे मला सूचक वाटते.

दुसरा शब्द 'खोगीरभरती'. घोड्याच्या पाठीवर जे जाड, भरलेले आसन घालतात ते खोगीर. शब्द फारसी आहे. घाम शोषून घेणारे असा त्याचा मूळ अर्थ. त्यात लोकर, कापूस, चिंध्या असे काहीबाही भरीत. त्यावरून निरुपयोगी भरण्याला आपण खोगीरभरती म्हणू लागलो. परीक्षकाच्या खुर्चीवर बसून हा शब्द मीही अनेक उत्तरपत्रिकांच्या समासात लिहिला आहे. परंतु ज्याने दिवसाकाठी पंधरा-वीस कोस मजल मारली असेल, त्या स्वाराला विचारा. त्या चिंध्यांमुळे घोड्याची पाठ सोलवटत नसे आणि स्वाराच्या मणक्यांना बसणारे हादरे मंदावत. भरती निरुपयोगी नव्हती. ती दिसायला ओबडधोबड होती, एवढेच.

तिसरा शब्द 'पाखर'. घोड्याच्या वा हत्तीच्या अंगावरील कवचाला पाखर म्हणत. पिलांवर पक्षीण पंख पसरते तीही पाखर. आज 'मायेची पाखर' म्हणताना आपल्याला पंखच आठवतात, घोड्याचे कवच आठवत नाही. पण हे दोन अर्थ एका शब्दात शेजारी नांदावेत, ही आपल्या भाषेची कमाई आहे. वर्म आणि खोगीरभरती या शब्दांत संरक्षणाची जी उपेक्षा झाली, तिची भरपाई 'पाखर' या एका शब्दाने केली आहे.

२

आता प्रत्यक्ष मराठी स्वार पाहू. मोगल सरदारांच्या अंगावर जिरहबख्तर म्हणजे लोखंडी कड्यांचा अंगरखा असे. त्यावर छाती, पाठ आणि दोन्ही कुशी झाकणारे चार पोलादी पत्रे बांधीत, त्यांना 'चार आईना' म्हणत. हातांवर दस्ताने, डोक्यावर नाकपट्टी असलेला टोप, आणि कित्येकदा घोड्यालाही पाखर. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात अकबराचे म्हणून जतन केलेले पोलादी उरस्त्राण आहे. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातही जुनी चिलखते पाहायला मिळतात. ती पाहताना त्यांचे सौंदर्य प्रथम डोळ्यांत भरते, वजन नंतर लक्षात येते. कड्यांचा एक अंगरखाच आठ-दहा किलोंचा भरतो.

मराठी स्वाराला हे परवडणारे नव्हते, आणि ते पैशाच्याच दृष्टीने नव्हे. भीमेच्या खोऱ्यातला भीमथडी तट्टू लहान चणीचा, काटक आणि चपळ. त्याच्यावर लोखंडाचा भार लादला तर त्याचा वेग जातो. आणि वेग गेला की मराठ्यांच्या युद्धपद्धतीचा प्राणच जातो. १७२८ च्या फेब्रुवारीत पालखेड येथे पहिल्या बाजीरावाने निजामाला कोंडीत पकडले ते या हलक्या घोडदळाच्या बळावर. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात आपल्या धारजवळच्या अमझेरा येथे चिमाजी अप्पांच्या फौजेने माळव्याचा सुभेदार गिरधर बहादूर याचा पाडाव केला. त्या मोहिमेत मल्हारराव होळकर होते. होळकरांच्या राज्याचा आणि पुढे या इंदूर नगरीच्या वैभवाचा पाया घोड्याच्या टापांनीच रचला गेला आहे.

मग हा हलका स्वार अंगावर काय घालीत असे? याचे उत्तर साताऱ्यास कंपनी सरकारचा प्रतिनिधी म्हणून राहिलेल्या जेम्स ग्रँट डफ याने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या मराठ्यांच्या इतिहासात दिले आहे. त्याच्या वर्णनाचा सारांश असा : गुडघ्यापर्यंतचा चोळणा, कापूस भरून शिवलेला अंगरखा, कमरेला शेला, हाती ढाल-तलवार वा भाला, आणि डोक्याला पागोटे; यातले कित्येक स्वार पागोट्याचा एक पदर हनुवटीखालून घेऊन घट्ट बांधीत. हे वर्णन मी अनेकदा वाचले होते. पण विद्यार्थिनीच्या प्रश्नानंतर पुन्हा वाचले तेव्हा त्यातील दोन तपशील एकदम उजळले. कापूस भरलेला अंगरखा म्हणजे छाती-पाठीचे संरक्षण. आणि हनुवटीखालून बांधलेले पागोटे म्हणजे पट्ट्याने आवळलेले शिरस्त्राण. घोडा उधळला वा स्वार खाली आला तर पागोटे डोक्यावरून उडू नये, डोके उघडे पडू नये, यासाठी तो पदर. कापडाच्या वीसपंचवीस हातांच्या वेढ्यांनी डोक्याभोवती तयार झालेली गादी केवळ शोभेची नव्हती.

हा कापूस भरलेला डगला कोणत्या कारखान्यात तयार होत नसे. जुनी लुगडी, धोतरे यांचे थर एकावर एक घालून, आडवे-उभे धावदोरे घालून आपल्या आया-आज्या गोधडी शिवीत, तीच ही कला. तलवारीचा निसटता वार थरांत अडतो, ही त्याची एक बाजू झाली. दुसरी बाजू अशी की जमिनीवर आपटताना तोच थर दबतो आणि आघाताचा जोर बरगड्यांपर्यंत पोहोचण्याआधी काहीसा पसरतो. पोलादी पत्रा तलवार अडवतो. पण पडणाऱ्या देहाला तो मऊपणा देत नाही. गोधडी देते.

३

या ठिकाणी मराठी घोडदळाच्या अर्थव्यवस्थेचा विचार केला पाहिजे, कारण कोण कशाचे रक्षण करतो हे पुष्कळदा ते कोणाच्या मालकीचे आहे यावर ठरते. सभासदाने आपल्या बखरीत शिवकालीन पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार. आणि पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. बारगीर सरकारी घोड्यावर बसे. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारे घेऊन चाकरीस येई. मल्हारराव होळकरांचा आरंभ कदम बांड्यांच्या पथकातील अशा चाकरीतूनच झाला.

शिलेदाराचा घोडा मेला तर त्याचा संसार उघड्यावर पडे. उत्तर मराठेशाही पाहिलेल्या इंग्रजांनी लिहून ठेवले आहे की घोडा गमावण्याच्या भीतीने शिलेदार निकराच्या गर्दीत शिरायला कचरत. त्यात त्यांनी भ्याडपणा पाहिला. मला त्यात हिशेब दिसतो. ज्याचा घोडा हीच त्याची जमीन आणि तेच त्याचे भांडवल, तो घोड्याला जपणारच. सरकारही घोड्याला जपत होते. पंचवीस घोड्यांना पाण्याची आणि नालांची नेमलेली माणसे होती. घोड्याच्या चाऱ्याची, पाण्याची, नालांची कागदोपत्री चौकशी होती. स्वाराच्या बरगड्यांची मात्र कोणी चौकशी करीत नव्हते. तो स्वतःच्या घरी शिवलेला डगला घालून येई. त्याच्या देहाचे रक्षण ही घरच्या बायकांची जबाबदारी होती, आणि तिची नोंद कोणत्याही दप्तरात नाही.

इकडे बंदूक आणि तोफ आल्यावर लोखंडी चिलखताचा दिमाखही ओसरला. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात मल्हाररावांचे पुत्र खंडेराव होळकर तोफेचा गोळा लागून पडले. १७६१ साली पानिपतावर विश्वासराव गोळीने गेले. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूर येथे होळकरांच्या घोडदळाला इंग्रजांच्या कवायती फौजेपुढे माघार घ्यावी लागली, ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरचा तह झाला आणि त्यानंतर इंदूर ही राजधानी झाली. म्हणजे या शहराचे राजधानीपण ज्या वर्षी सुरू झाले, त्याच वर्षी मराठी घोडदळाचे स्वतंत्र पर्व संपले. चिलखते भिंतीवर गेली, आणि भिंतीवर गेलेली वस्तू पुढच्या पिढीला शोभेची वाटू लागते.

४

तलवार गेली, घोडा राहिला. आणि घोड्याखालची जमीनही राहिली. युद्धाविना घोड्यावरून पडून मेलेल्यांची यादी इतिहासात लहान नाही. दिल्लीचा पहिला सुलतान कुतुबुद्दीन ऐबक १२१० साली लाहोरला चौगान, म्हणजे पोलो, खेळताना घोड्यासह पडला आणि खोगिराचा पुढचा उंचवटा छातीत घुसून मेला. ब्रिटनचे माजी पंतप्रधान सर रॉबर्ट पील १८५० च्या जून महिन्यात लंडनमध्ये घोड्यावरून पडले, घोडा त्यांच्यावर अडखळून पडला आणि तीन दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. शहाजीराजे शिकारीत गेले. तिघांपैकी एकही रणांगणावर नव्हता. छातीच्या पिंजऱ्यावर आलेला आघात हे यांतल्या दोघांच्या बाबतीत तर स्पष्टच नोंदलेले आहे.

तरीही शतकानुशतके चिलखत बनवणाऱ्याने शत्रू म्हणून तलवार, भाला, बाण आणि गोळी यांचाच विचार केला. जमीन हा शत्रू आहे, असे कोणाला वाटले नाही. याचे कारण माझ्या मते कीर्तीच्या कल्पनेत आहे. तलवारीच्या घावाने आलेले मरण पोवाड्यात जाते. घोड्याचा पाय अडकून आलेले मरण बखरीत एका वाक्यात संपते. ज्या मरणाला कीर्ती नाही, त्या मरणावर कोणी उपायही शोधत नाही.

जमिनीला शत्रू मानून घडवलेले अंगत्राण आले ते विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत. आज स्वार छाती-पाठीवर जे जाकीट घालतात त्यात पोलाद नसते. फेसासारख्या लवचिक पदार्थाचे जाड तुकडे कापडात बसवलेले असतात. त्याचे तत्त्व साधे आहे. आपटणाऱ्या देहाला थांबायला जितका अधिक वेळ आणि जितकी अधिक जागा मिळेल, तितका हाडांवरचा आणि आतल्या अवयवांवरचा ताण कमी. चारपाचशे किलोंचा घोडा, त्याच्या पाठीवर बसलेल्या स्वाराचे डोके जमिनीपासून सुमारे अडीच मीटर उंच, आणि भरधाव घोड्याचा वेग ताशी चाळीस किलोमीटरच्या पुढे. एवढे आकडे डोळ्यांपुढे आणले की बरगड्या, यकृत, प्लीहा आणि पाठीचा कणा यांची चिंता कोणीही करील. युरोपात यासाठी ई.एन. १३१५८ या क्रमांकाचे मानक आहे. त्यात तीन पातळ्या आहेत. पहिली सर्वांत हलकी, ती शर्यतीच्या जॉकींसाठी, कारण तिथे वजनाचा तोळा-तोळा मोजला जातो; तिसरी सर्वांत अधिक संरक्षण देणारी, सामान्य घोडेस्वारीसाठी आणि अडथळ्यांवरून उडी घेणाऱ्यांसाठी. वजन आणि संरक्षण यांचा जो हिशेब भीमथडीच्या स्वाराने केला होता, तोच इथे नव्याने मांडलेला आहे.

आणखी एक प्रकार निघाला आहे. त्यात जाकिटाची दोरी खोगिराला अडकवलेली असते. स्वार घोड्यापासून सुटला की दोरी खेचली जाते, छोट्या नळकांड्यातला वायू सुटतो आणि जाकीट क्षणार्धात फुगते. पक्षिणीने पंख पसरावे तसे. 'पाखर' या शब्दाचे दोन्ही अर्थ प्रथमच एका वस्तूत आलेले पाहून माझ्यातला भाषेचा शिक्षक सुखावला, हे सांगितलेच पाहिजे.

परंतु कोणतेही कवच अभेद्य नसते, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. १९९५ च्या मे महिन्यात अमेरिकेतील अभिनेते ख्रिस्तोफर रीव्ह अडथळ्यांच्या स्पर्धेत घोड्यावरून डोक्यावर आपटले. त्यांनी शिरस्त्राण आणि संरक्षक जाकीट दोन्ही घातले होते. मानेचे मणके मोडले आणि मानेखालचे शरीर कायमचे निश्चल झाले. छातीचे कवच मान वाचवीत नाही. कौटिल्याच्या यादीत कंठत्राण निराळे का, याचे उत्तर येथे मिळते. म्हणून जाकीट घातले की आता काहीही होणार नाही, असे मुलांना सांगणे हे खोटे सांगणे आहे. खरे एवढेच की शिकवणारा चांगला, घोडा ओळखीचा, जमीन पाहिलेली आणि अंगावर योग्य मापाचे कवच असेल, तर जे टाळता येण्याजोगे आहे ते पुष्कळसे टळते.

मापाची गोष्ट मुद्दाम बोलतो. मध्यमवर्गीय मराठी घरात वाढत्या अंगाच्या मुलाला कपडा एक माप मोठा घेण्याची रीत आहे. माझ्या पिढीतले कित्येकजण शाळेच्या पहिल्या वर्षी मोठ्या भावाच्या सदऱ्यात हरवलेले होते. अंगत्राणाला ही काटकसर चालत नाही. ते सैल असेल तर पडताना सरकते आणि नेमकी हवी ती जागा उघडी पडते. ते अंगाला घट्ट बसावे, गळ्याच्या हाडापासून बरगड्यांच्या खालपर्यंत यावे, आणि बसल्यावर मागची कड खोगिराला टेकू नये. जोराच्या पडण्यानंतर त्यात खड्डा राहिला असेल तर ते बदलावे. शिरस्त्राणाने तर एक मोठा आघात झेलला की त्याचे काम संपले असे समजावे. ज्याने एकदा आपल्याला वाचवले ते टाकून कसे द्यायचे, असे आपल्या मनाला वाटते. पण कवच हे मोडण्यासाठीच असते. ते मोडते म्हणून आपण मोडत नाही.

५

आता त्या मुलीला मिळालेल्या 'भित्री' या विशेषणाकडे वळतो, कारण खरा अडसर तिथे आहे. आपल्या शौर्याच्या कल्पनेवर दोन कथांची गडद छाया आहे. एक महाभारतातील कर्णाची. जन्मासोबत आलेली कवचकुंडले त्याने मागणाऱ्याला काढून दिली, आणि त्या दानाने तो आपल्या मनात अजरामर झाला. दुसरी नेसरीची. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी प्रतापराव गुजर सहा साथीदारांसह बहलोलखानाच्या सैन्यावर चालून गेले आणि सातहीजण पडले. कुसुमाग्रजांच्या कवितेने ती घटना प्रत्येक मराठी मुखात पोहोचवली. या दोन्ही कथा थोर आहेत. त्यांपुढे मी नतमस्तक आहे. पण त्यांचा एक आनुषंगिक परिणाम झाला. कवच उतरवणे आणि आकड्यांचा हिशेब न करणे म्हणजेच शौर्य, असा समज आपल्या नकळत रुजला. मोटारसायकलीवर शिरस्त्राण हँडलला अडकवून राजवाड्याभोवती हिंडणाऱ्या तरुणात मला या समजाचा शेवटचा, काहीसा विनोदी अवशेष दिसतो.

महाराजांनी तर तसे केले नाही. प्रतापगडावर ते निःशस्त्र म्हणून गेले, पण निष्कवच गेले नाहीत. त्यांना कोणी भित्रे म्हटले नाही. कारण ते जाणत होते की आपला देह एकट्याचा नाही. त्यावर एक राज्य, एक आई आणि असंख्य माणसे टेकलेली आहेत. अंगत्राण हे भीतीचे चिन्ह नसून जबाबदारीचे आहे, ही गोष्ट त्या अंगरख्याखालच्या चिलखताइतकी दुसरीकडे कुठेही स्पष्ट झालेली नाही.

ही जबाबदारी किती खरी असते, हे पडणाऱ्याच्या मागे उरलेल्यांकडे पाहिले की कळते. शहाजीराजांच्या निधनाची वार्ता आली तेव्हा जिजाबाई सती जाण्यास निघाल्या, आणि महाराजांनी मोठ्या विनवण्यांनी त्यांना परावृत्त केले, असे बखरी सांगतात. नव्वद वर्षांनी कुंभेरीवर खंडेराव पडले तेव्हा अहिल्याबाई सती जाण्यास निघाल्या आणि मल्हाररावांनी सुनेला अडवले. एका मुलाच्या हट्टाने स्वराज्याची माउली आणखी दहा वर्षे राहिली आणि तिने पुत्राचा राज्याभिषेक पाहिला. एका सासऱ्याच्या आर्जवाने माळव्याला अहिल्याबाई मिळाल्या. घोड्यावरून वा घोड्याजवळ पडलेला पुरुष इतिहासात एका तारखेत संपतो. त्याचे पडणे मात्र घरातल्या बाईच्या अंगावर पडते, आणि तिथे ते वर्षानुवर्षे पडत राहते. डगला शिवणारे हात त्याच बाईचे होते, हे विसरू नये.

आणि आपल्या परंपरेत रक्षणाची मागणी हलकी मानलेली कधीच नव्हती. इंदूरच्या मराठी घरांत दिवेलागणीला रामरक्षा म्हटली जाते. तिच्यात एकेक अवयवाचे नाव घेऊन रक्षण मागितले आहे : डोके, कपाळ, डोळे, कान, खांदे, हात, हृदय, कंबर, गुडघे, थेट पावलांपर्यंत. ज्या ऋषीने ते रचले त्याला देहाचे कोणते ठिकाण किती नाजूक आहे हे नेमके माहीत होते. ज्या ओठांनी संध्याकाळी हे स्तोत्र म्हणायचे, त्यांनीच सकाळी मैदानावर मैत्रिणीला 'भित्री' म्हणायचे, यात विसंगती आहे.

सुदैवाने काळ बदलतो आहे, आणि बदलाची एक खूण आपल्याच शहरातून आली. चीनमधील हांगझोऊ येथे २०२३ साली झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत भारताच्या संघाने ड्रेसाज या अश्वक्रीडाप्रकारात सुवर्णपदक मिळवले. १९८२ च्या दिल्ली आशियाईनंतर अश्वक्रीडेतले हे भारताचे पहिले सुवर्ण. त्या चौघांच्या संघात इंदूरची सुदीप्ती हजेला होती. ड्रेसाज हा घोड्याच्या डौलदार चालींचा खेळ. त्यात धावपळ नाही, उड्या नाहीत. शतकभर त्यात स्वार रेशमी उंच टोपी घालून उतरत. २०१० साली अमेरिकेची ऑलिंपिक स्वार कोर्टनी किंग-डाय सरावात शिरस्त्राणाविना पडली आणि दीर्घकाळ बेशुद्ध राहिली. त्यानंतर जगभर विचार सुरू झाला आणि आंतरराष्ट्रीय महासंघाने १ जानेवारी २०२१ पासून शिरस्त्राण सक्तीचे केले. रानावनातल्या अडथळ्यांच्या शर्यतीत छाती-पाठीचे अंगत्राणही सक्तीचे आहे. म्हणजे जगातले सर्वोत्तम स्वार आज ते घालतात. ज्याला अजून नीट बसता येत नाही तो मात्र लाजतो. शिकाऊ लाजतो आणि निष्णात घालतो, ही गोष्ट आपल्या मुलांना सांगितली पाहिजे.

शब्दाचे ऋण राहिले आहे, ते फेडतो. अमरकोशातला 'उरश्छद' अर्थाने नेमका असला तरी मैदानावर उच्चारायला अवघड. 'चिलखत' म्हटले की लोखंड आठवते. 'अंगत्राण' चालेल, शिरस्त्राणाच्या जोडीला ते शोभतेही. पण मुलांच्या तोंडी रुळावा असा शब्द मला विचाराल तर मी 'पाखर' सुचवीन. घोड्याच्या कवचाचा तो जुना शब्द स्वाराच्या अंगावर यावा, आणि आईच्या मायेचा अर्थही त्याच्याबरोबर यावा. "पाखर घातलीस का?" असे आईने विचारावे आणि मुलीने घोड्यावर चढण्याआधी बंद आवळीत "घातली" म्हणावे, यात भित्रेपणाचा लवलेशही कोणाला दिसणार नाही.

या शाळेच्या विद्यार्थ्यांपुढे इतिहास ठेवताना आपण प्रतापगड शिकवतो, तो शिकवलाच पाहिजे. त्याच्या शेजारी होदिगेरेही शिकवावे, एवढीच माझी विनंती आहे. प्रतापगड सांगतो की शूर माणूसही कवच घालतो. होदिगेरे सांगते की शत्रू समोर नसतानाही ते लागते.